कंत्राट गेलं, सवय गेली नाही

काम जोरात असताना किस्से साठत नाहीत, नुसती नोंदवही भरते. कंत्राट गेलं आणि कराडजवळच्या आमच्या माळावर, उरलेल्या एका हेलिकॉप्टरच्या सावलीत, किस्स्यांचा ढीग लागला. आधी आमच्याकडे तीन होती. अपघातातले, पुरात अडकलेले पेशंट उचलायचं सरकारी काम कित्येक वर्षं आमचंच. ते दुसऱ्या कंपनीला गेलं, दोन मशीन विकली, माणसं पांगली. राहिलो चौघे: मालक आबा, लष्करातून निवृत्त झालेले कॅप्टन, मेकॅनिक आणि उड्डाणात पेशंट सांभाळणारे शौकतभाई आणि रेडिओवर मी. आबांनी सांगून टाकलं, "पाडव्यापतूर बघू. न्हाई जमलं तर हे बी इकायचं, आन् आपापल्या घरी जायचं."

*

पहिलं काम लग्नाचं. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याचा मुलगा शिरवळला मांडवाशी उतरवायचा. शौकतभाईंचा हात पेशंटवर बसलेला. त्यांनी नवरदेवाला पट्ट्यांनी आवळलं, नाडी बघितली आणि बापापुढे फॉर्म धरला, "नातेवाईक तुमीच का? हितं सही करा."

बापानं मुकाट्यानं केली!

उतरल्यावर भाईंनी नवरदेवाला उठूच दिलं नाही. "हलायचं न्हाई, आमी उचलतो." नवरीच्या दोन मामांना हाताशी धरून त्याला आडवाच बँडसमोरून मांडवात नेलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. आठ दिवसांत तीन लग्नांचे फोन आले. तिघांची अट एकच: नवरदेव उचलूनच आत गेला पाहिजे.

*

मग एका जत्रेत देवळावर फुलं टाकायची ऑर्डर मिळाली. आता कॅप्टनची सवय अशी: पेशंट कुठे आहे ते कळावं म्हणून गावकरी धूर करायचे, आणि धूर दिसला की कॅप्टन तिकडे वळायचे. त्या दिवशी देवळाच्या अलीकडे एक तात्या तोडलेल्या उसाचं पाचट पेटवून उभे होते. झालं! दोन पोती झेंडू एकट्या तात्यांवर.

सरपंच तापले. "जत्रा आमची, फुलं आमची, आन् पडली त्या तात्यावर?"

कॅप्टननी शांतपणे विचारलं, "मग तुमी धूर का न्हाई केला?"

दुसऱ्या दिवशी तात्या माळावर हजर. भांडायला आले असतील म्हणून मी आत सरकलो. तर म्हणाले, "पोरगं फौजेतनं रिटायर हून येतंय. त्याच्यावर बी आसंच टाका." त्या भागात घरोघरी फौजी. हिवाळाभर आम्ही झेंडू टाकत होतो.

*

एकदा नव्या कंपनीचा माणूस नकाशा घेऊन आला. उतरायच्या जागा कुठे लिहून ठेवल्यात म्हणाला. कॅप्टनच्या सगळ्या जागा डोक्यात. "ह्या गावात लिंबाच्या डाव्या अंगाला, म्हशी बांधत्यात तितं."

"आणि म्हशी नसल्या तर?"

"मग गाव चुकलं."

*

तरी पैसा पुरेना. पाडव्याला चार दिवस उरले आणि गिऱ्हाईक आलं. पुण्याचे शेठ, विक्रीचे कागद तयार. "आधी एक चक्कर मारू," म्हणाले. कॅप्टननी त्यांना पुढं बसवलं, शौकतभाई मागं. आबांच्या हातातला चहा गार झाला.

थोड्या वेळानं म्हसवडकडच्या एका सिस्टरचा मला फोन. "दादा, बाईला नाग चावलाय. सातारा गाठाया पायजे. नवी कंपनी फोन उचलंना."

मी रेडिओवर फक्त गावाचं नाव सांगितलं. आबांना विचारायची हिंमत झाली नाही. मनात म्हटलं, गेली नोकरी.

आमच्या मशीनमध्ये स्ट्रेचर टाकायचं तर पुढची सीट काढावी लागते. बाईच्या गावाशी उतरून कॅप्टननी ती काढली; सीट रानात, शेठही रानात. बाई वेळेत साताऱ्याच्या दवाखान्यात पोचली आणि वाचली. सिस्टरचा फोन आला तेव्हा मी सरळ रडलो.

शेठ संध्याकाळी एसटीनं आले, वडूजला गाडी बदलून. बुटांत माती, काखेत आमची सीट. कंडक्टरनं सीटचंही तिकीट फाडलं होतं.

"मला विचारलंसुद्धा नाही. दार उघडलं आणि म्हणाले, उतरा, सीट सांभाळा."

आबांनी विक्रीचे कागद उचलले, सही न करताच फाडले आणि शेठपुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"साहेब, तुमास्नी रानात तरी उतरवलं. मला ह्या कॅप्टननं पुरात एका छपरावर सोडलंवतं, बाळंतिणीसाठी."