फक्त पदं वाचली

मावशीचा आवाज गेला तो वीस वर्षांपूर्वी, घशाच्या ऑपरेशनमध्ये. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं, श्वास घ्यायला गळ्याला भोक ठेवलं आणि मावशी वाचली. तेव्हापासून ती ओठ हलवते आणि आम्ही त्यावरून ओळखतो. मला बरं जमतं. बाकीचे दोन मिनिटांत कंटाळतात आणि मग तिच्याशी मोठ्याने बोलतात, जणू तिला ऐकूच येत नाही. त्यांना धरून हलवावंसं वाटतं मला.

ती नौपाड्यात एकटी राहते. मी डोंबिवलीहून आठवड्यातून दोनदा जाते. एका दुपारी चहा पिताना तिने ओठांनी सांगितलं, ‘‘माझा आवाज कसा होता, तेच आठवत नाही गं. एकदा ऐकायचाय.’’

मला घाईच झाली, कारण ती पंच्याऐंशीच्या घरात आहे. घरातल्या सगळ्या कॅसेटी काढल्या. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत मावशी कॅमेऱ्यासमोर मिनिटभर बोलते, हसते, कुणाला तरी दटावते. पण व्हिडिओवाल्याने त्यावर सनई आणि सिनेमाची गाणी चढवली होती. त्या काळी सगळेच तसं करत. तिचे ओठ हलत होते आणि मागे भलतीच बाई प्रेमाचं गाणं म्हणत होती. टीव्ही बंद करून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच भांडी आपटली.

म्हणजे उरला तो तिचा एकुलता एक सिनेमा.

तरुणपणी ती संगीत नाटकात नायिकेचं काम करायची, गायचीही. त्या नाटकावर कुणीतरी कृष्णधवल चित्रपट काढला आणि भूमिका तिलाच दिली. रंगवलेल्या पडद्याच्या जागी खरीखुरी बाग आली. त्या बागेत ऑर्गन आणि तबला कुठून वाजतोय, हे विचारायचं नाही. गंमत पदांची झाली. रंगमंचावर एकेक पद वन्स मोअर घेत वीस मिनिटं चालायचं; सिनेमावाल्यांना ते तीन मिनिटांत हवं होतं. मावशी गायला लागली की थांबायचीच नाही. शेवटी दिग्दर्शकाने हात जोडले, पदं दुसऱ्या गायिकेकडून, तिचं नाव कुठेही न देता, म्हणवून घेतली आणि मावशीने नुसते ओठ हलवले. ‘‘तान आली की मान कुठे वळवायची तेच कळेना,’’ ती सांगायची, ‘‘तान माझी नव्हती ना!’’ ती हे हसत सांगायची आणि राग मला यायचा.

संवाद मात्र सगळे तिचे होते. नाटकात गद्य सुरू झालं की अर्धे प्रेक्षक बटाटेवडा खायला बाहेर जात आणि ऑर्गनचा सूर ऐकू आला की धावत आत येत. त्यामुळे तिला कायम ओरडूनच बोलावं लागे. सिनेमात कॅमेरा जवळ आला, माइक डोक्यावर आला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला भूमिकेत हळू बोलता आलं. एका प्रसंगात ती नवऱ्याला निरोप देते, कुजबुजल्यासारखी. आपण तेवढंच काय ते चांगलं काम केलं, असं ती म्हणायची. सिनेमा पडला आणि कुठे दिसेनासाही झाला.

आमच्याकडे जुने संगीत चित्रपट दाखवणारं एक मंडळ आहे. चालवणारे निवृत्त गृहस्थ, नाट्यसंगीतावर जीव टाकणारे. त्यांच्या मी मागेच लागले होते. पावसाळा सरता सरता त्यांचा फोन आला. ‘‘अहो, सापडला! कल्याणला एका बंद थिएटरच्या मालकांकडे डबे निघाले. रिळांना व्हिनेगरसारखा वास येतोय, म्हणजे फिल्म कुजायला लागलीये. पण आमचा माणूस बसलाय कॉम्प्युटरवर घ्यायला. मावशींना घेऊनच या!’’

मी मावशीला सांगितलं, तेव्हा तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. पुढचे पंधरा दिवस ती नीट जेवत होती, हे मी मुद्दाम सांगते.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. तिने मोतिया रंगाची रेशमी साडी नेसली, गळ्याला पातळ रुमाल बांधला. पहिल्या रांगेत आम्हाला बसवलं. सभागृह भरलेलं, बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे. पडदा उजळला आणि बावीस वर्षांची मावशी बागेत उभी राहिली. ऑर्गनचा सूर, पद. लोकांनी वा वा केलं. पद संपलं, चित्र काळं झालं आणि लगेच दुसरं पद सुरू झालं. मला वाटलं, रीळ मागेपुढे झालं असेल. मग तिसरं. प्रत्येक पदाआधी मावशीचं तोंड बोलायला उघडायचं आणि तिथेच ऑर्गन यायचा. निरोपाचा प्रसंग आला तो थेट निरोपाच्या पदावरच. मावशीने माझं मनगट घट्ट धरलं. अंधारातही मला तिचे ओठ वाचता आले.

‘‘बोलणं कुठाय?’’

मी उठून मागे त्या गृहस्थांकडे गेले. ते कॉम्प्युटरपाशी उभे होते, डोळ्यांत पाणी, चेहरा आनंदाने फुललेला.

‘‘गद्य कुठे आहे?’’

‘‘गद्य?’’ त्यांना प्रश्नच कळेना. ‘‘अहो, आपल्याकडे नेहमी पदंच दाखवतात ना. मेंबरांनाही तेच हवं असतं. त्यात रिळं रोज खराब होत होती. मी म्हटलं, आधी पदं घ्या, एकही सुटता कामा नये. सगळीच्या सगळी वाचवली!’’

‘‘आणि बाकीचं?’’

‘‘ते आतून चिकटून गेलं होतं. मालक वासाला वैतागले होते, त्यांनी डबे भंगारात घातले.’’ मग माझ्याकडे नीट बघत त्यांनी विचारलं, ‘‘का हो, काय झालं?’’

आवाजासाठी मी त्यांच्या मागे लागले होते, पण कुठला आवाज ते सांगायचं मला सुचलंच नव्हतं. आणि का सुचावं? नायिका गाणार, तेव्हा आवाज म्हणजे गाणं, हे त्यांना वाटणारच. त्या क्षणी त्यांची मान मुरगळावीशी वाटली. माणूस भला होता, त्याचाच जास्त संताप आला. ‘‘काही नाही,’’ म्हटलं आणि जागेवर येऊन बसले. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मला काही बोलावं लागलं नाही. तिने मनगट सोडलं आणि हात मांडीवर ठेवला.

पडद्यावर निरोपाचं पद संपत आलं होतं. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘वन्स मोअर!’’ मग सगळेच ओरडायला लागले. पद पुन्हा लावलं. बावीस वर्षांची मावशी दुसऱ्या बाईच्या गळ्याने पुन्हा गायली आणि तान आली तशी तिची मान चुकीच्या बाजूला वळली.

दिवे लागले. ते गृहस्थ पुढे आले, त्यांनी माइक घेतला. ‘‘आपल्यामध्ये आज त्या स्वतः बसल्या आहेत. दुर्दैवाने आज त्या बोलू शकत नाहीत. पण बाईंचा आवाज आपण वाचवला! तो आता कायमचा राहील!’’

सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. एक आजोबा वाकून मावशीच्या पाया पडले, ‘‘काय गळा होता हो तुमचा!’’ म्हणाले. त्यांना खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीने मान हलवून मला नको म्हटलं.

मग तीही टाळ्या वाजवायला लागली. आधी सगळ्यांबरोबर, मग जोरात. लोक थांबले, खाली बसले, तरी ती थांबेना. माइकवरचे गृहस्थ हसू तसंच ठेवून उभे होते. त्या शांत झालेल्या सभागृहात तेवढा एकच आवाज तिला काढता येत होता आणि तो ती काढत होती. लोक एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा मी तिचे हात धरले. तळवे लाल झाले होते.