घोडीला न दिसणारी जागा

पुतण्याचं लग्न मे महिन्यात होतं, दुपारच्या मुहूर्तावर, गंगापूर रोडच्या एका लॉन्समध्ये. नवरदेवाला आधी घोडीवरून मारुतीच्या पाया पडायला न्यायचं आणि तिथून वाजतगाजत मांडवात आणायचं, असं ठरलं होतं. मी नवरदेवाचा काका. इंदिरानगरला राहतो आणि अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. घरात हा विषय चेष्टेचाच आहे. कुठे माशी बसली तरी थोरला भाऊ म्हणतो, "आता सर तिचे डोळे मोजणार."

घोडी पांढरी होती, अंगाने भरलेली. तिला घेऊन आलेला माणूस पन्नाशी उलटलेला, बारीक चणीचा. गंगापूर गावाच्या पुढे कुठेतरी राहायचा. सगळे त्याला मामा म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो. त्याने पुतण्याला वर बसवलं आणि लगाम हातात घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "डीजेची गाडी म्होरं चालू द्या. मागून आणू नका. मागचं तिला दिसत नाय, आन् दिसलं नाय की ती भिती."

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळपास सगळं रान दिसतं, फक्त अगदी नाकासमोरची थोडी आणि शेपटीमागची जागा सोडून. गवताळ रानात जन्माला आलेल्या या जनावराची मज्जासंस्थाच अशी घडलेली आहे की मागून काही आलं तर आधी पळायचं, काय होतं ते नंतर बघायचं. त्यात या घोडीच्या डोळ्यांना टिकल्या लावलेली झापडं बांधलेली आणि कपाळावर गोंड्यांची झालर. उरलंसुरलं बाजूचंही तिला दिसत नव्हतं. म्हणजे मागचं कळायला तिच्याजवळ उरले होते फक्त कान.

पुतण्याच्या मित्रांना व्हिडिओत नवरदेव पुढे आणि डीजे मागे हवा होता. गाडी मागेच लागली.

मी घोडीच्या बाजूने चालत होतो. तिचे दोन्ही कान मागे वळले होते आणि वळलेलेच राहिले. शेपटी पायांत दाबलेली. प्रत्येक ठोक्याला खांद्यावरची कातडी थरथरत होती. डोळ्याचा पांढरा भाग झापडाच्या कडेतून दिसायला लागला होता. हे सगळं मी वाचत होतो, छापील पान वाचावं इतकं स्वच्छ.

मामाने माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमी घरचे दिसता. तुमी सांगा ना त्यांना. माझं कोण ऐकंना."

मी भावाकडे गेलो. तो फेट्यात, घामाघूम, व्याह्यांच्या घोळक्यात उभा होता. म्हणालो, "दादा, गाडी पुढे घ्यायला सांग. घोडी घाबरलीय."

तो हसला आणि व्याह्यांकडे वळून म्हणाला, "आमचे सर. लग्नातसुद्धा वर्ग चालू असतो यांचा." मग हळूच मला, "आजचा दिवस तरी गप्प बस रे."

सगळे हसले. मीही हसलो. आणि गप्प बसलो.

पाचेक मिनिटांत कुणीतरी घोडीच्या अगदी मागे कागदाचा फटाका उडवला. चमकदार कागदांचा लोट तिच्या पाठीवर आदळला. ती दोन पायांवर उभी राहिली. पुतण्या एका अंगाने घसरला, मित्रांनी झेलला, त्याला खरचटलंही नाही. मामाने लगाम सोडला नाही. सोडला असता तर ती गर्दीत घुसली असती. हाताला लगामाचा वेढा देऊन तो धरून राहिला आणि तिने त्याला दुभाजकापर्यंत फरपटत नेलं.

ती थांबली तेव्हा तो पडलेलाच होता; मित्रांपैकी एकाने त्याच्या कानाखाली मारली. "जनावर सांभाळता येत नाही तर आणतोस कशाला?" दुसऱ्याने घोडीच्या तोंडावर काठी हाणली. मी तिथून चार पावलांवर होतो. मुहूर्त जवळ आला होता. आम्ही सगळे चालत मांडवात गेलो. मामाला दवाखान्यात कुणी नेलं, मला माहीत नाही. अक्षता टाकून मी जेवलोसुद्धा.

पंधरा दिवसांनी पत्ता काढून त्याच्याकडे गेलो. उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. हाड मोडलं नव्हतं. खांद्यातून हातात जाणाऱ्या नसा ओढल्या गेल्या होत्या. त्याच्या बायकोने चहा आणला. त्याने डाव्या हाताने कप उचलला, मग उजव्या हाताची बोटं कपाला टेकवून दाखवली.

"गरम हाय का गार, कायच कळत नाय."

मी विचारलं, "आणि घोडी?"

"कुकरची शिट्टी झाली तरी दावं तोडती. कोण न्येनार तिला लग्नाला? दिली एकाला."

"कुणाला?"

"नका इचारू, सर."

एकदा घाबरलेला मेंदू तो आवाज का विसरत नाही, हे मला चांगलं सांगता आलं असतं. त्याने मला एकदाही दोष दिला नाही. निघताना मात्र म्हणाला, "तुमाला कळलं व्हतं, सर. तुमच्या तोंडावर दिसत व्हतं."

दिवाळीत भावाकडे सगळे जमले. लग्नाचा व्हिडिओ लावला. घोडी उधळल्याचा तुकडा गाणं लावून त्यात ठेवला होता आणि पोरं हसत होती. भाऊ नव्या सुनेच्या माहेरच्यांना सांगत होता, "माथेफिरू घोडी दिली हो त्या माणसाने. थोडक्यात वाचला पोरगा."

मी म्हणालो, "घोडी माथेफिरू नव्हती. आपण तिला घाबरवलं. त्या माणसाचा हात गेला, दादा."

भावाने रिमोट खाली ठेवला. "एवढं कळत होतं तर तेव्हा मध्ये का नाही पडलास? गाडीपुढे उभं राहायचंस. कुणी हात धरला होता तुझा?"

मी फराळाची ताटली तशीच ठेवून घरी आलो. आता आमचं बोलणं कामापुरतं उरलंय, आणि त्या दिवशी तो चुकीचं काही बोलला होता असं मला म्हणता येत नाही.