चाचांची लांब फळी

"कागद काय पळून चाललाय व्हय?" असं म्हणून चाचा करंगळी उलटी करायचे आणि तिच्या पाठीनं शाई हळूच चाचपायचे. ओली लागली, की पुन्हा रस्त्याकडं बघत बसायचे. बारामतीत त्यांच्या दुकानी गेलेल्या प्रत्येकानं हे वाक्य ऐकलंय. घाईत असणाऱ्यानं दोनदा.

दुकान खरं तर पॅकिंगचं. पाण्याच्या मोटारीत, ट्रॅक्टरच्या इंजिनात दोन लोखंडांच्या मध्ये जो जाड कागद बसवतात, तो मापानं कापून द्यायचा. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. स्वतःच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा ज्यानं नुसतं 'पॅकिंग' एवढंच लिहिलं, त्याला ते आवडलं नसतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझा उजवा हात पदराखाली होता. अंथुर्ण्याला आमच्या गोठ्यात कडबाकुट्टीनं माझी दोन बोटं नेली, त्याला वर्ष झालं होतं. त्याआधी गावात कुणाचंही लग्न निघालं, की मेंदी आणि रांगोळी माझ्याकडं. नंतर मी रंगांचा डबा माळ्यावर टाकला आणि चारचौघांत हात झाकून बसायला शिकले. खोटं कशाला सांगू, मला स्वतःची कीव यायची आणि त्या किवेचाही राग यायचा.

आमच्या मालकांना शेतातल्या मोटारीचं पॅकिंग हवं होतं, म्हणून मी सोबत गेले होते. तिथं तेलकट सामानाच्या गर्दीत एक ईदचं कार्ड वाळत होतं. निळी चंद्रकोर, आणि तिच्याखाली पॅकिंगला भोकं पाडायच्या पंचानंच पाडलेल्या बारीक फुलांची वेल. मी भान विसरून हात पुढं केला.

"ह्ये कुणी केलं?"

"मीच. गिऱ्हाईक नसलं की हात खाजवत्यात." मग माझ्या हाताकडं बघून त्यांनी सरळच विचारलं, "कुट्टी?"

"व्हय."

"ह्या कामाला बोटं लागत न्हाईत, ताई. तळवा लागतो."

माझा हात बघून लोक 'अगं बाई' म्हणायचे किंवा नजर फिरवायचे. हा माणूस मोटारीचं माप विचारावं तसं विचारून मोकळा झाला. मला एकदम हलकं वाटलं.

त्यांनी मला एक पत्र्याची स्टेन्सिल दिली. डाळिंबाच्या पेट्यांवर छाप मारायला कुणा बागाईतदारासाठी कापलेली, मधोमध डाळिंबाचा आकार. सोबत लाकडी गोळ्याला ठोकलेला स्पंज. तो तळव्यात धरायचा आणि शाईत टेकवून पत्र्यावर थापटायचा, एवढंच. घरी येऊन मी भसाभसा शाई लावली आणि पत्रा लगेच उचलला. डाळिंबाचं वांगं झालं. ते घेऊन गेले तेव्हा चाचा पोट धरून हसले आणि मग ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढं लेकीच्या शाळेसाठी आम्ही बारामतीत खोली घेतली आणि माझं त्यांच्याकडं येणं-जाणं वाढलं. एकदा सणसरचे एक तात्या तणतणत आले. "आवं, मोटर उघडी टाकून आलोय, अन् तुमी हितं फुलं कापताय?"

चाचांनी त्यांच्यापुढं निळ्या कागदाचे दोन तुकडे धरले. "तुमचं पॅकिंग तयार हाय. आधी सांगा, ह्यातला कंचा बरा?"

"डावा!" तात्या खेकसले आणि पॅकिंग घेऊन निघाले. कोपऱ्यापर्यंत गेलेले तात्या परत आले. "न्हाय, उजवाच बरा हाय," म्हणाले आणि गेले.

चमकीवर मात्र चाचांचा राग. "मिठावाणी चिमटीनं टाका," म्हणायचे. माझा हात सैल. कितीदा बोलणी खाल्लीत.

मग त्यांनी डाय करायला घेतले. पोलादी पट्टी फुलाच्या आकारात वळवायची आणि प्लायवूडमध्ये रोवायची. त्यावर कागद ठेवून, सगळं एका फळीवर मांडून दोन रुळांमधून दाबून काढलं, की फूल कापलं जातं. रुळांचं यंत्रही त्यांनी स्वतःच जुळवलं. त्यांनी यंत्राची मूठ फिरवली, रुळांनी फळी आत ओढली, आणि मी दोन पावलं मागं सरले. कुट्टीचे रूळ असेच ओढायचे. मी तशीच घरी आले. आठ-दहा दिवस तिकडं फिरकले नाही. आता हेही संपलं, असंच मनात धरलं होतं.

शेवटी त्यांचे स्टेन्सिलचे पत्रे परत करायला म्हणून गेले. यंत्र बाहेरच मांडलेलं होतं आणि त्यात ही लांब फळी. माझ्या लेकीच्या उंचीची! कागद आणि डाय तिच्या पुढच्या टोकाला. मागच्या टोकाला उभं राहून फळी ढकलायची, रुळांनी धरली की बाजूला येऊन मूठ फिरवायची. हात रुळांजवळ जायचं कारणच नाही.

"येवढी लांब का हो?"

"तुकडा उरला हुता. कापायचा कंटाळा."

मी फळी ढकलली, उजवा हात पाठीमागं घेतला आणि डाव्यानं मूठ फिरवली. डोळे गच्च मिटलेले.

"डोळं उघडा, ताई. फूल निघताना बघायचं असतं."

उघडले. पलीकडून डाळिंबाचं फूल बाहेर येत होतं, पाकळी न् पाकळी सुटी. मी रस्त्यावर उभी राहून रडले. चाचा काहीच न बघितल्यासारखे पॅकिंग कापत बसले.

ते यंत्र त्यांनी मलाच दिलं. आज माझ्याकडं लग्नाची पाकिटं, बारशाची तोरणं, हळदी-कुंकवाची कार्डं, सगळी कामं येतात.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. इंदापूरला असतो तो त्यांचा मुलगा दुकान आवरून उरलेले डाय घेऊन माझ्याकडं आला. फळी बघून थबकला.

"हीच व्हय ती! वखारीत तीन खेपा घातल्या अब्बांनी. येवढी लांब अन् सरळ मिळंना. मी म्हणलं, दीड वितीची फळी पुरती की, हिला येवढी कशाला? तर म्हणले, तिचा हात लांब ऱ्हायला पाहिजे."

मी चहा टाकायचं निमित्त करून आत गेले. चाचा, तुमचा उरलेला तुकडा!

खोली लहान आहे. मालक म्हणतात, आता कशाला एवढी लांब, कापून घेऊ. मी कापू दिली नाही. टेबल खिडकीला लावलंय, म्हणजे फळीचं पुढचं टोक गल्लीत निघतं. शेजारच्या काकू तिथंच निवडणं-टिपणं करत बसलेल्या असतात. माझ्याआधी त्यांनाच दिसतं.

"आलं गं फूल!" त्या बाहेरून ओरडतात.

मूठ तेव्हा माझ्या उजव्या हातात असते.