एकाच पुडीतलं बी

दुसरबीडच्या झुंबरबाईंची वीस वर्षं शेडनेटमध्ये मिरचीचं बियाणं तयार करण्यात गेली. नराचा पराग मादीच्या फुलाला लावायचा, खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. वेगळ्या वळणाचं रोप दिसलं की लगेच उपटायचं, नाहीतर अख्खा प्लॉट नापास होतो.

त्यांची नात पूनम चौथीपर्यंत वर्गात पहिली यायची. नववीच्या वर्षी तिची आई वारली, चूल आणि पाणी तिच्यावर आलं, आणि ती गणितात नापास झाली. गुरुजी सहज बोलून गेले, "मूल मोठं होतं तसं आईबापाचं रक्त जास्त दिसायला लागतं." पूनमचा बाप किसन चौथीतच अडकला होता. झुंबरबाईंना ते लगेच पटलं.

"बापाचंच बी हाय ते. शिकवून काय उपेग?" म्हणत त्यांनी तिची शाळा बंद केली.

तीन वर्षं पूनम त्यांच्या शेजारी दोरे बांधत राहिली. यंदा तिच्या लग्नाची सुपारी फुटली. लग्नाला आठ दिवस असताना ती नेटच्या दाराशी, बांधावरच्या खुरट्या रोपांजवळ थांबली.

"आजी, हे आपल्याच पुडीतलं बी ना?"

"हाव. उरलेलं फेकलं होतं तिथं."

"मंग असं काऊन खुरटलं?"

"पाणी कोनं देल्लं त्याले?"

बोलून झाल्यावर झुंबरबाईंना आपलेच शब्द ऐकू आले. त्यांनी नातीकडे पाहिलं. पूनम आत गेली आणि पुढच्या फुलाला दोरा बांधू लागली.