मधे थंड राहिलेला बटाटा

मायक्रोवेव्हमधून तापलेल्या बटाट्याचा वास आला की मला जयपूरचं, प्रताप नगरमधलं आमचं घर आठवतं. तिथे मायक्रोवेव्हमध्ये बटाटा आतून कसा तापतो, हे प्रबंधासाठी मी संगणकावर मांडत होतो. पण स्क्रीनवर बटाट्याखालची काचेची ताटलीच तापून लालभडक व्हायची आणि बटाटा निळा, थंडगार. कूलरच्या घरघरीत आठवडा घालवल्यावर कळलं, पाणी किती तापतं त्याचे आकडे मी काचेला दिले होते. ते सुधारले, तरी बटाटा कडेला लाल आणि मधे निळाच. मी डोकं धरून बसलो. तेवढ्यात बाबा स्वयंपाकघरातून बटाटा गरम करून खातच आले. "मधे थंडच आहे रे. ओव्हन बिघडला की काय?" मी स्क्रीनवरच्या बटाट्याच्या निळ्या मधल्या भागाकडे पाहिलं. "नाही बाबा, बरोबर चाललाय." आता बाबा नाहीत. बटाटा गरम केला की पहिला घास मी मधलाच घेतो.