पिवळ्या रेघेच्या अलीकडे

व्हर्ना हॉस्टेटरला मी दुकानामागची शेड वापरायला दिली, तेव्हा निम्म्या गावाने मला वेड्यात काढलं. माझं दुकान गुराकोंबड्यांच्या खाद्याचं. शेडमध्ये पोती असायची. व्हर्ना आमच्या शाळेत कित्येक वर्षं सुतारकाम शिकवायची. मग शाळेला कॉम्प्युटरसाठी खोली हवी झाली आणि सुतारकामाची बाकं भंगारात निघाली. तिने ती उचलली आणि सरळ माझ्याकडे आली. "डेल, तुझी शेड दे. तुझी पोती कुठेही झोपतील."

शिकवणार होती ती घरीच शिकणाऱ्या मुलांना. पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या या डोंगरांत अशी घरं बरीच. आईच मास्तरीण आणि स्वयंपाकघरातलं टेबल हाच वर्ग. या लोकांना शाळेचं वावडं, आणि व्हर्ना तर शाळेचीच बाई. पहिल्या शुक्रवारी आया आल्या त्या हाताची घडी घालून, तिची परीक्षा घ्यायला.

परीक्षा घेतली ती व्हर्नानेच. पोत्यांची थप्पी सरळ लागावी म्हणून मी कधीतरी जमिनीवर पिवळी रेघ मारली होती. त्या रेघेकडे बोट दाखवून व्हर्ना म्हणाली, "आया त्या बाजूला, मुलं या बाजूला. रेघेवरून हात यायचा नाही आणि सूचनाही."

"पण मला तिला समजावून सांगावं लागतं," एक आई म्हणाली. ती जोलीन.

"लाकूड सांगेल तिला. ते माझ्यापेक्षा स्पष्ट बोलतं."

या आयांइतकी कष्टाळू माणसं मी पाहिलेली नाहीत, पण त्यांच्या तोंडाला कुलूप घालणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पोराने करवत उचलली की लगेच कोन किती अंशांचा, हे झाड कुठल्या कुळातलं, सुरू. व्हर्ना म्हणायची, "बाई गं, आधी कापू तर दे. कूळ नंतर काढू."

प्रत्येकाने एकच वस्तू करायची: तीन पायांचं स्टूल. खिळा नाही, सरस नाही. पाय खालून भोकात ठोकायचा आणि त्याच्या डोक्यातल्या चिरेत वरून पाचर मारायची. ती चीर बैठकीच्या लाकडाच्या रेषांना आडवी हवी, नाहीतर बैठक फुटते. वसंतात सगळी घरं शेडमध्येच जेवायला जमत, आणि ज्याचं स्टूल त्याची आई सगळ्यांसमोर त्यावर पहिली बसे. हा व्हर्नाचा रिवाज. बैठक फुटली तर आई जमिनीवर, आणि पोराने दुसरं करायचं.

टॅबिथा, म्हणजे टॅबी, ही जोलीनची धाकटी. तिला वाचन उशिरा आलं. शाळेत ती अडखळली की वर्ग हसायचा, म्हणून जोलीनने तिला काढून घरी आणलं आणि शब्द दिला, यापुढे तुला कुणी हसणार नाही. तो शब्द तिने पाळला, जरा जास्तच पाळला. टॅबीच्या चित्रातलं आभाळ आई रंगवायची. टॅबीच्या केकवरचं क्रीम आई सारखं करायची. पोरगी प्रत्येक गोष्ट अर्धी करून आईपुढे सरकवायला शिकली होती.

स्टुलाचे दोन पाय तिने ठीक केले. तिसरा तासता तासता वाकडा झाला आणि आखूडही. सवयीने तिने रेघेकडे पाहिलं. जोलीनचं पाऊल उचललं गेलं.

"जोलीन, पाय," व्हर्ना मागे न वळता म्हणाली.

पाय मागे गेला. टॅबीने नाक ओढलं आणि तो वाकडा पाय तिचा तिने ठोकला. स्टूल एका बाजूला कललं.

"मिस व्हर्ना, हे तिरपं झालंय."

"उभं आहे ना? मग स्टूल आहे."

पोरगी खुदकन हसली. त्या दिवशी शेड झाडताना व्हर्ना मला म्हणाली, "एवढी एक वस्तू तिच्या हातून पुरी झाली ना डेल, की पुढचं ती आपलं आपण करेल. नाही झाली तर लग्नानंतरही आईपुढे सरकवत राहील."

तेल लावायला स्टुलं घरी गेली आणि जेवणाच्या दिवशी परत आली. मी हॅम कापत होतो, तेवढ्यात टॅबीचा आवाज आला. "हा पाय माझा नाही."

तिसरा पाय आता गुळगुळीत आणि सरळ होता.

"बाबांनी जरा नीट केला, राणी," जोलीन हळूच म्हणाली. "एवढी माणसं बघायला येणार."

"माझा कुठाय?"

"गाडीत. जळणाच्या खोक्यात."

मला जोलीनचा असा राग आला की सुरी खाली ठेवावी लागली. व्हर्नाने मात्र बाकावर पटाशी आणि लाकडी हातोडा ठेवला आणि चालत जाऊन पिवळ्या रेघेपलीकडे जोलीनशेजारी उभी राहिली. तिला त्या बाजूला मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

टॅबी बाहेर गेली आणि आपला पाय घेऊन आली. तिने बाबांची पाचर पटाशीने उकरली, नवा पाय ठोकून खाली पाडला आणि आपला बसवला. पण चीर बसली रेषांच्याच दिशेने. आता ठोकलं असतं तर बैठकीची दोन फळकुटं झाली असती.

जोलीनलाही ते दिसलं. "सांगा ना तिला," ती कुजबुजली.

"तू नाही आणि मीही नाही," व्हर्ना म्हणाली. तिचे दोन्ही हात एप्रनच्या खिशात होते, मुठी आवळलेले.

टॅबीने हातोडा उचलला आणि थांबली. बैठकीवरून अंगठा फिरवला. पाय भोकातल्या भोकात वळवला, पाचर लावली आणि ठोकली. व्हर्नाच्या खिशाची शिवण टरकन उसवली, ती मी ऐकली.

"आई, ये."

जोलीन अंगाने चांगली भरलेली. रेघेवर पाऊल टेकवून ती तशीच उभी.

"ये ना. मी बोलावतेय."

ते कललेलं स्टूल पाहून मागे कुणीतरी पोर फिसकन हसलं. जोलीनने गर्रकन मान वळवली. पण त्याच्या आधी टॅबीच हसली. "तिरपं आहे, माहितीय मला," ती त्या पोराला म्हणाली. "तीन पायांचं आहे, डुगडुगत नाही. तुझं आणून दाखव."

जोलीन आली आणि डोळे मिटून बसली. स्टूल करकरलं आणि धरून राहिलं.

"तिरपं आहे गं," ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

"हो. नीट बस."

जेवण वाढलं तरी ती उठली नाही. टॅबीने तिचं ताट आणून मांडीवर ठेवलं, आणि मांडीच तिरपी, त्यामुळे घेवड्याचा रस्सा कडेकडेने निघाला. ताट सरळ करायला जोलीनने हात उचलला, मग खाली घेतला. रस्सा तिच्या चांगल्या स्कर्टवर उतरला, आणि ती तशीच बसून जेवली.