कुलूप लावलेलं कार्ड

आमच्या चाळीच्या अभ्यासिकेत चार छोटे संगणक आहेत. ते मी उभे केले म्हणून मला शाल आणि नारळ मिळाला. करी रोडच्या या चाळीत माझ्याविषयी कुणी वाकडं बोलत नाही, आणि मला त्याचाच संताप येतो. कारण त्याच संगणकांपायी तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईला सगळ्यांसमोर खोटं पाडलं गेलं. चूक तिची नव्हती, माझी होती.

परळच्या एका इस्पितळात मी आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. तळहातावर मावतील असे, एकाच पाटीवर सगळं जोडलेले संगणक हल्ली मिळतात. लॅमिंग्टन रोडवरून एक आणला आणि नाद लागला. त्याला आत डिस्क नसते. नखाएवढं मेमरी कार्ड खुपसायचं, त्यावरच त्याची सगळी सिस्टीम. एका कार्डावर आपल्याला हवी तशी सिस्टीम रचायची, नको ते काढायचं, हवं ते घालायचं. मग त्या अख्ख्या कार्डाची हुबेहूब प्रत काढायची, तिला इमेज म्हणतात, आणि ती बाकीच्या कार्डांवर उतरवायची. पहिल्यात चूक असली तर तीही सगळीकडे उतरते.

मी गेम काढले. मराठी कळफलक, शब्दकोश, शाळेची पुस्तकं घातली. अचानक वीज तुटली की ही कार्डं खराब होतात, आणि पोरं सेटिंग बिघडवणार हे ठरलेलंच. म्हणून मी कार्डाला कुलूप लावलं. म्हणजे वापरणाऱ्याने काहीही केलं तरी ते कार्डावर लिहिलं जात नाही, वीज चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतं. फाइल सेव्ह होते, फोल्डरमध्ये दिसते, उघडतेही. वीज गेली की सगळं साफ, यंत्र पुन्हा पहिल्या दिवसासारखं.

लोकांच्या फाइलींसाठी कुलपाबाहेर वेगळा कप्पा ठेवायचा असतो. मला ते माहीत होतं. मी तो ठेवलाही होता. पण त्यामुळे प्रत उतरवताना एक कार्ड अडत होतं आणि उद्घाटन तोंडावर आलं होतं. कप्पा काढून टाकला, नंतर घालू म्हटलं. निदान ‘इथे काही ठेवू नका’ अशी चिठ्ठी तरी डकवायची. तीही नाही डकवली. पाहुण्यांसमोर नव्या यंत्रावर चिठ्ठी बरी दिसली नसती.

पुढे चाळीची स्मरणिका काढायचं ठरलं. गिरणीत काम केलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी लिहून घ्यायचं काम कुणी घेईना, ते तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईने घेतलं. ती घरी ब्लाउज शिवते. दुपारी मशीन बाजूला सारून एकेकीकडे जाऊन बसायची, ऐकून यायची आणि लगेच अभ्यासिकेतल्या खिडकीजवळच्या संगणकावर टाइप करायची. काम झालं की संगणकाचा पडदा बंद. पडदा बंद म्हणजे संगणक बंद, असंच सगळे समजत. त्या पाटीला बंद करायचं बटणच नाही, आणि प्लग मी पोरांच्या हाताला लागू नये म्हणून कपाटामागे नेला होता. आमच्याकडे वीजही सहसा जात नाही. त्यामुळे तिची फाइल रोज जागेवर सापडायची. मी तिला टाइप करताना पाहत होतो. तेव्हाही बोललो नाही, कारण तो कप्पा मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.

त्या आठवणींत सगळ्यात मोठी आठवण गिरणीत सूत गुंडाळायच्या, वाइंडिंग खात्यातल्या एका आजींची होती. आजी मालवणकडच्या, बोलायच्या त्यांच्याच बोलीत, आणि ही शब्दाला शब्द टाइप करायची. सत्यनारायणाच्या पूजेला गॅलरीत दिव्यांच्या माळा लावायच्या म्हणून वायरमनने अभ्यासिकेच्याच मजल्याचा मेन स्विच खाली केला. माळा लागल्या, पूजा झाली, शिऱ्याचा प्रसाद मीही खाल्ला. दुसऱ्या दिवशी तिने पडदा चालू केला तर काहीच नाही. आजी त्याआधीच गेल्या होत्या.

कमिटीच्या मीटिंगमध्ये ती उभी राहून सांगत होती की रोज सेव्ह करत होते. आमचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, पान चघळत ऐकत होते. मग म्हणाले, “वहिनी, टायपिंग येत नव्हतं तर आधीच सांगायचं. काकांनी एवढी मशीन दिली, मशीन कशी खाईल?”

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, काही लिहिलंच नसेल. मला त्याच क्षणी कळलं काय झालं ते. कप्पा डोळ्यांसमोर आला. आणि मी, सगळ्यांच्या पुढे मानाच्या खुर्चीवर बसलेला माणूस, चष्मा पुसत बसलो.

ती खाली बसली नाही, निघून गेली. त्यानंतर जिन्यात भेटली की बाजूला व्हायची. मला वाटे, तिला कळलं असावं. तिला काही कळलं नव्हतं. तिला लाज वाटत होती, माझं मशीन खराब केलं म्हणून. हे तिच्या शेजारणीकडून समजलं तेव्हा मला घरात बसवेना.

मी तिच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. ती शिलाई मशीनवरून उठली नाही.

“म्हणजे मी बरोबर होते?”

“हो.”

“इतके दिवस मी रोज आठवतेय, काका, कुठलं बटण चुकलं ते.” मग दोरा तोडून म्हणाली, “मला कशाला सांगताय? तिथे सांगा, जिथे ते हसले.”

मी अभ्यासिकेत मीटिंग बोलावायला लावली. उभा राहून सांगितलं, कार्ड मी बंदिस्त केलं होतं, फाइल राहूच शकत नव्हती, दोष माझा. आणि काय झालं असेल? टाळ्या! भाऊ म्हणाले, काकांचं मन मोठं, बाईमाणसाची चूक स्वतःच्या अंगावर घेतात. दोघांनी येऊन माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी होतं. माझ्या चुकीवर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. तिच्या चुकीवर ठेवायला मात्र कुणाला पुरावा लागला नव्हता.

माझं डोकं फिरलं. मी भाऊंना हाताला धरून खिडकीजवळच्या संगणकावर बसवलं. म्हटलं, स्वतःचं नाव लिहा. सेव्ह करा. फोल्डर उघडून बघा. आहे? कपाटामागे हात घालून प्लग ओढला, परत लावला. पडद्यावर सुरुवातीचा चाळीचा फोटो आला, फोल्डर रिकामं.

भाऊ म्हणाले, “माझंच काहीतरी चुकलं असेल. घाईत नीट दाबलं नसेल.”

“पुन्हा लिहा,” मी म्हणालो. आवाज चढला होता. त्यांनी पुन्हा लिहिलं, दोनदोनदा सेव्ह केलं. पुन्हा रिकामं.

ती दाराशी उभी होती, मला दिसली नव्हती. तिथूनच म्हणाली, “भाऊ, टायपिंग येत नव्हतं तर आधीच सांगायचं ना.”

या वेळी कुणी हसलं नाही. भाऊ घड्याळ बघत पाणी आलं असेल म्हणून उठले.

मी नवी इमेज केली, कप्प्यासकट, आणि सगळी कार्डं पुन्हा भरली. तिला बोलावलं. माझ्या सांगण्यावर तिने भरवसा ठेवला नाही, ठेवूही नये. एक ओळ लिहिली, सेव्ह केली, स्वतः कपाटामागे हात घालून प्लग ओढला. ओळ राहिली. बाकीच्या बायकांना पुन्हा विचारता येणार होतं; आजींचं मात्र जे आठवत होतं तेच ती लिहायला बसली. वाइंडिंगच्या बायका दोऱ्याने बोट कापू नये म्हणून चिंधी बांधायच्या, एवढं तिला स्वच्छ आठवत होतं. बाकीचं अर्धंमुर्धं. आणि मालवणीत काही आठवेना. वर तिने लिहिलं, हे शब्द आजींचे नाहीत, माझे आहेत.

भाऊंना मी सांगितलं होतं, स्मरणिकेत चार ओळींचा खुलासा छापा, काय झालं त्याचा. शाल परत देऊन आलो तर त्यांच्या घरातून ती पुन्हा माझ्याकडे पोचती झाली. स्मरणिका निघाली. शेवटच्या पानावर संगणकांबद्दल माझे आभार आहेत, फोटोसकट. खुलासा नाही. जागा नव्हती म्हणे.

म्हणून इथे लिहितो. तिने सेव्ह केलं होतं. रोज केलं होतं.